गाडीची बॅटरी बदलायची? आधी ती खरंच गेलीय का ते बघा

किल्ली फिरवल्यावर सेल्फ नुसता कट-कट वाजला की आजूबाजूचे चौघे एका सुरात सांगतात, ‘बॅटरी गेली.’ दुकानदारही तेच सांगतो, कारण त्याला बॅटरी विकायची असते. पण बॅटरी उतरणं वेगळं आणि बॅटरी संपणं वेगळं. उतरलेली बॅटरी नीट चार्ज केली की पुन्हा उभी राहते. संपलेली कितीही चार्ज करा, दोन दिवसांत परत आडवी होते. तिसरी शक्यता तर फारच सर्रास असते: बॅटरी ठणठणीत, पण टर्मिनलवर पांढरट-हिरवट खार साचलेला किंवा इंजिनाची अर्थिंगची पट्टी सैल झालेली. म्हणून पाकिटात हात घालण्याआधी एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. पाचशेच्या आत मिळतो आणि पहिल्याच वेळी पैसे वसूल करून देतो.

गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल प्रोब प्लसला, काळा मायनसला. १२.६ किंवा त्याहून थोडं जास्त दिसलं तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा उगाच फुगलेला दिसतो. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मग मोजा. चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपासच अडकून राहिला, तर बॅटरीतल्या सहा सेलपैकी, म्हणजे वीज साठवणाऱ्या कप्प्यांपैकी, एक मेलाय. एका सेलचे सव्वादोन व्होल्टच्या जरा कमी, म्हणजे २.१, वजा झाले की हाच आकडा उरतो. या बॅटरीवर आणखी वेळ घालवू नका.

आता दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि नजर मीटरवर ठेवा. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. चांगली बॅटरी १० च्या वरच राहते. स्थिर असताना १२.६ आणि सेल्फ मारताच ८, तर बॅटरीत दम उरलेला नाही. मुळातच १२.० वरून सुरुवात झाली असेल तर निकाल देऊ नका, आधी चार्ज करा आणि पुन्हा बघा. आणि बॅटरीवर १०.५ टिकून आहे तरी सेल्फ जड फिरतोय, तर दोष केबलमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा स्टार्टर मोटरमध्ये आहे. ते पकडायचं सोपं आहे: एक प्रोब बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर टेकवा, दुसरा त्याच पोस्टवर बसलेल्या क्लॅम्पवर, आणि सेल्फ मारा. दोघांमध्ये ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर तिथे खार आहे. दहा मिनिटांच्या साफसफाईत काम होईल.

गाडी चालू करून अल्टरनेटरही, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्रही, तपासा. बॅटरीवर १३.८ ते १४.५ मिळायला हवेत, दिवे आणि एसी लावल्यावरही साडेतेराच्या वर. १३ च्या खाली असेल तर चार्जिंगच होत नाहीये; नवी बॅटरी टाकलीत तरी आठवड्याभरात तीही उतरेल. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरी उकळतेय. कुजक्या अंड्यासारखा वास आणि फुगलेला डबा ही त्याचीच लक्षणं. फक्त एक लक्षात असू द्या: अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे अधूनमधून आकडा १३ च्या खाली आला तरी तो बिघाड नसतो. ब्रेक लावताना किंवा उतारावर तो पुन्हा वर चढतो.

गाडी चालू ठेवून टर्मिनल काढायचं आणि ‘इंजिन बंद पडलं नाही, म्हणजे अल्टरनेटर चांगला’ असं म्हणायचं, ही जुन्या गॅरेजांची युक्ती अजून काही ठिकाणी चालते. ती आपल्या गाडीवर करू देऊ नका. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेजचा जो झटका येतो, तो इसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, घेऊन जाऊ शकतो. इसीयूच्या किमतीत चार बॅटऱ्या येतील.

दुकानातल्या छोट्या टेस्टरची गोष्टही माहीत असावी. हे यंत्र क्षणात ‘बॅटरी बदला’ अशी चिठ्ठी छापून देतं. पण त्यात आधी बॅटरीचा प्रकार, मोजमापाचं मानक आणि बॅटरीवर छापलेला सीसीएचा, म्हणजे थंडीत सेल्फ फिरवण्याच्या ताकदीचा, आकडा भरावा लागतो. जपानी मानकाची बॅटरी युरोपीय मानकावर लावून मोजली, किंवा भलत्याच मोठ्या बॅटरीचा सीसीए भरला, तर चांगली बॅटरीही नापास होते. चाचणीच्या वेळी स्क्रीन बघा आणि काय भरलं ते विचारा.

नवी निवडताना

आपल्याकडे बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं जाते. फरक पडतो तो मुख्यतः उन्हाने. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली झीज जवळपास दुप्पट होते असा ठोकताळा आहे. प्लेटची जाळी गंजते, पाणी उडतं. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांत बॉनेटखाली काय होत असेल याची कल्पना करा. म्हणजे बॅटरी मरते उन्हाळ्यात, पण ते कळतं थंडीत. डिसेंबरात निफाडकडे पारा खाली उतरला की इंजिन ऑइल जड होतं, बॅटरीची ताकद कमी होते, आणि मे महिन्यात खिळखिळी झालेली बॅटरी तेव्हा हात वर करते. साडेतीन वर्षांची बॅटरी असेल तर दिवाळीच्या आधी एकदा तपासून घेतलेली बरी.

निवडताना कंपनीच्या नावापेक्षा आधी बॅटरीवरचा कोड बघा. छोट्या पेट्रोल गाड्यांत सर्रास दिसणारा ३८ बी २० एल हा कोड घेऊ. हा जपानी पद्धतीचा आहे. पहिला ३८ हा ताकदीचा दर्जा. तो अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचा आकडा, नाही, आणि बरेच लोक तिथेच चुकतात. ही बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते. ‘बी’ म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे सेंटिमीटरमधली लांबी, आणि शेवटचं एल किंवा आर म्हणजे प्लस-मायनस कोणत्या बाजूला. एलच्या जागी आर आणलीत तर वायर पोचत नाही. ओढूनताणून पोचवली तर ती कुठेतरी घासत राहते किंवा प्लस बॉनेटला टेकण्याइतकं जवळ येतं. एल म्हणजे कुठली बाजू याचं गणित घालत बसू नका. जुन्या बॅटरीचा वरून एक फोटो काढा आणि नवीशी ताडून पाहा.

या छोट्या जपानी मापात पोस्ट बारीक असतात, प्लस साधारण १४.७ मिलिमीटर, मोठ्या मापात आणि युरोपीय पद्धतीच्या डिन बॅटऱ्यांत जाड, साडेएकोणीस. जाड क्लॅम्प बारीक पोस्टवर बसवायला मधे पत्र्याचे तुकडे किंवा तारेचे वेढे घातलेले दिसतात. महिन्याभरात ते सैल होतात आणि मग ‘नवी बॅटरी दगा देतेय’ अशी तक्रार सुरू होते. तसं करावंच लागलं तर शिशाची किंवा पितळेची तयार टोपी मिळते, ती वापरा.

डिन बॅटरी रुंदीला १७५ मिलिमीटर असते, उंची मात्र दोन प्रकारची: १७५ आणि १९०. हा पंधरा मिलिमीटरचा फरक दुकानात कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण उंच बॅटरीवर प्लास्टिकचं झाकण बसत नाही. डिन बॅटरीला तळाशी ओठासारखी कड असते आणि तिथेच क्लॅम्प लागतो. जपानी बॅटरीला वरून पट्टी लागते. म्हणजे एकाच्या ट्रेमध्ये दुसरी बसवणं हा नुसता जुगाड होतो.

अँपिअर-अवर किती? गाडीच्या पुस्तकात जो आकडा आहे तोच. छोट्या पेट्रोलला ३५ ते ४५, डिझेल गाड्यांना सहसा ६० ते ८० लागतात, कारण डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त आणि थंड इंजिन आतून तापवणारे ग्लो प्लगही वीज खातात. ट्रेमध्ये व्यवस्थित बसत असेल तर एक पायरी मोठी बॅटरी घ्यायला हरकत नाही. अँप्लिफायर किंवा डॅशकॅम असेल तर उपयोगही होतो. पण मोठी घेतली म्हणून जास्त वर्षं जाईल असं नाही. रोज चार किलोमीटर जाऊन-येऊन जेवढी वीज अल्टरनेटर भरतो, तेवढीच भरतो.

सिग्नलला आपोआप बंद होऊन क्लच दाबल्यावर सुरू होणारी गाडी असेल तर मात्र तडजोड नाही. तिला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार सेल्फ मारणं सोसेल अशी बनवलेली बॅटरीच हवी. जपानी पद्धतीत तिचे कोडही वेगळे, एम ४२, एन ५५, क्यू ८५ असे. साधी बॅटरी बसेल आणि गाडी चालूही होईल. दिवसातून तीस-चाळीस वेळा सेल्फ मारायला लागल्यावर वर्षा-दीड वर्षात ती संपेल. कंपनीने एजीएम दिली असेल तर एजीएमच टाका. ईएफबी असलेल्या गाडीत एजीएम चालते, पण इंजिनाला खेटून ठेवलेली असेल तर तिथल्या उष्णतेत ती फार टिकत नाही, म्हणून तिथे ईएफबीच बरी. बीएमडब्ल्यू, ऑडीसारख्या गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने कॉम्प्युटरला ‘नोंदवावी’ लागते. नाहीतर गाडी नव्या बॅटरीलाही म्हातारी समजून चार्ज करत राहते.

तारीख बघितल्याशिवाय बॅटरी घेऊ नका. दुकानातल्या मांडणीवर पडून असलेली बॅटरी आपोआप उतरत जाते आणि उतरलेल्या अवस्थेत प्लेटांवर सल्फेटचा टणक थर बसतो, जो नंतर चार्जिंगने पूर्ण सुटत नाही. उत्पादनाची तारीख प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने कोरते. दुकानदाराकडून ती वाचून घ्या. तीन-चार महिन्यांपेक्षा जुनी असेल तर दुसरी मागा. आपला मीटर तिथेच लावा. १२.५ च्या खाली असेल तर ‘गाडीत बसवली की होईल चार्ज’ हे ऐकून घेऊ नका, आधी चार्ज करून द्यायला सांगा. एक्साइड, अमरॉन, एसएफ सॉनिक, टाटा ग्रीन यांतली कुठलीही घ्या. ताजी आणि योग्य मापाची असली की नावाने फारसा फरक पडत नाही. जवळ ज्याचं सर्व्हिस सेंटर आहे ती घ्या.

वॉरंटीचं गणित मात्र नीट समजून घ्या. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘६० महिने’ असतं आणि खाली ‘३० + ३०’. पहिल्या ३० महिन्यांत बॅटरी गेली तर फुकट बदलून मिळते. पुढच्या ३० महिन्यांत मिळते ती फक्त छापील किमतीवर सूट, तीही दर काही महिन्यांनी कमी होत जाणारी. आता गंमत बघा: दुकानात नवी बॅटरी तशीही छापील किमतीपेक्षा बरीच स्वस्त मिळते आणि जुनीचे पैसे वेगळे सुटतात. त्यामुळे दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी ती ‘वॉरंटीची सूट’ बाजारभावापेक्षा महागही पडू शकते. तुलना करायची ती फुकट बदलीच्या महिन्यांची. बदलून मिळालेल्या बॅटरीची वॉरंटी बहुधा जुन्याच तारखेपासून मोजतात. बिलावर आणि कार्डावर गाडीचा नंबर, बॅटरीचा सीरियल नंबर, तारीख आणि शिक्का हवा. टॅक्सीत वापरली तर मुदत बरीच कमी असते, काही मॉडेलना नसतेच.

जुनी बॅटरी दुकानदारालाच द्या आणि तिची रक्कम बिलात वेगळी लिहून घ्या. भाव विचारताना ‘जुनीसह किती आणि जुनीशिवाय किती’ असे दोन आकडे मागा, म्हणजे कोण कुठे खेळतोय ते कळतं. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं, तेव्हा ती फुकट सोडायची वस्तू नव्हे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. रस्त्यावरचा भंगारवाला चार पैसे जास्त देईल, पण तो डबा फोडून ॲसिड गटारात ओततो.

बसवताना

बहुतेक दुकानदार घरी येऊन बसवून देतात, पण ते काय करताहेत हे कळायला हवं. गाडी बंद, किल्ली बाहेर, बीडी-सिगारेट लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हातातलं कडं-अंगठी काढून ठेवा. १० चा पाना घ्या. आधी मायनस सोडवायचं, मग प्लस. कारण गाडीचं अंग मायनसला जोडलेलं असतं. मायनस सुटलं की प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. बसवताना उलट: आधी प्लस, मग मायनस. मायनसच्या क्लॅम्पवर छोटी काळी डबी असेल तर तो बॅटरी सेन्सर आहे. त्याखाली स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका.

जुनी बॅटरी सरळ उभी उचला. छोटी दहा किलोच्या आसपास भरते, डिझेलची वीसपर्यंत जाते. ट्रेमध्ये सांडलेलं ॲसिड असेल तर ग्लासभर पाण्यात मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून ओता, फेस थांबेपर्यंत. मग साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. क्लॅम्प आतून तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने चकचकीत करा. क्लॅम्प बसत नाही म्हणून पोस्टवर हातोडी मारणारे कारागीर आहेत. त्यांना तिथेच थांबवा. पोस्ट आत प्लेटांना डागलेला असतो आणि तो सांधा फुटला की बाहेरून काही दिसत नाही. क्लॅम्पची फट स्क्रू-ड्रायव्हरने किंचित रुंद केली की तो खाली बसतो. नट हाताने क्लॅम्प फिरणार नाही इतपतच आवळा, शिसं मऊ असतं. व्हॅसलिन लावायचं ते आवळून झाल्यावर, वरून. ग्रीस आत भरून क्लॅम्प बसवायचा नाही.

बॅटरीची पट्टी किंवा तळाचा क्लॅम्प न विसरता आवळा. हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि आपल्या रस्त्यांवर तेच महागात पडतं: धक्क्यांनी प्लेटांवरचं रसायन झडून तळाशी साचतं आणि सेल आतल्या आत शॉर्ट होतो.

बॅटरी बदलल्यावर घड्याळ शून्यावर जातं, काही गाड्यांत रेडिओ कोड मागतो, एका दाबात वर जाणारी काच तसं करायचं विसरते. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरा. पहिले काही किलोमीटर आयडलिंग थोडं वरखाली होईल, ते आपोआप सुधारतं.

सांभाळताना

सीलबंद बॅटरीची झाकणं उचकटू नका. पाणी घालायची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, एरवी दोन महिन्यांतून एकदा पातळी बघा. प्लेटांवर दहा-पंधरा मिलिमीटर पाणी हवं. घालायचं ते फक्त डिस्टिल वॉटर. आरओचं, बिसलेरीचं किंवा एसीच्या नळीतून गळणारं पाणी चालत नाही. पहिल्या दोन्हींत क्षार असतात, एसीच्या पाण्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश. ॲसिड तर कधीच घालू नका, उडतं ते फक्त पाणी. बॅटरी उतरलेली असताना काठोकाठ भरलंत तर चार्ज होताना ते उतू जातं आणि कोकणातल्या दमट हवेत ट्रेसकट गंजतं.

काही बॅटऱ्यांवर असलेल्या गोल भिंगातला हिरवा ठिपका एकाच सेलची खबर देतो. हिरवा आहे म्हणून बाकीचे पाच चांगले असं धरू नका.

गाडी उभी ठेवणाऱ्यांच्या बॅटऱ्या चालवणाऱ्यांपेक्षा लवकर जातात. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं जागेवर चालू ठेवणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं. सेल्फने घेतलेली वीज कशीबशी भरते, जुनी तूट तशीच राहते. अर्धा-पाऊण तास रस्त्यावर न्या. ते जमत नसेल तर ऑटोमॅटिक चार्जर घ्या आणि महिन्यातून एकदा रात्रभर लावा. करंट अँपिअर-अवरच्या दहाव्या भागाएवढा पुरे: ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअर.

चांगली बॅटरी दोन-तीन दिवसांतच उतरत असेल तर कुठेतरी वीज झिरपतेय. बॉनेट उघडा, पण त्याचं लॉक स्क्रू-ड्रायव्हरने दाबून ठेवा म्हणजे गाडीला ते बंद वाटेल. गाडी लॉक करा. मायनसची वायर काढून मीटर १० अँपिअरवर तिच्या आणि पोस्टच्या मधे जोडा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. आतले कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा कोसळेल त्या लाइनवर चोर आहे. बहुधा नंतर बसवलेला जीपीएस, डॅशकॅम किंवा डिकीचा न विझणारा दिवा निघतो. तो पाच वॉटचा दिवा दिवसाला दहा अँपिअर-अवर खातो.

दुसऱ्या गाडीवरून चालू करताना क्रम असा: लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटची ठिणगी तिथे उडते, हायड्रोजनजवळ नाही. पाच मिनिटं थांबून मग सेल्फ मारा. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू होत नाही. मॅन्युअलचीही बॅटरी ठार रिकामी असेल तर धक्क्याचा उपयोग नाही. फ्युएल पंपाला आणि इसीयूला वीज लागतेच.

मुलांकडे चार-सहा महिने परदेशी जाणार असाल तर निघण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि मायनस काढून ठेवा. त्याआधी रिमोटमधली लोखंडी किल्ली दाराच्या कुलपात फिरवून बघा. वीज तोडल्यावर दार उघडायला तीच लागणार आहे, आणि डिकी बऱ्याच गाड्यांत फक्त बटणावर उघडते, तेव्हा केबल आणि पाना डिकीत ठेवू नका. परत आल्यावर मायनस जोडा, मीटर लावा, आणि १२.४ च्या खाली असेल तर गाडी चालू करण्याआधी रात्रभर चार्जिंगला लावा.